दादाच्या गळ्याला शोभेल अशी पेटी

पेटी कशी निवडावी हे आता मला कुणीही विचारावं. कर्जत-खालापूरकडच्या दहा-बारा गावांतल्या भजनी मंडळांना मी बाजाच्या पेट्या निवडून दिल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो, गाणार कोण? लोक म्हणतात, आधी पेटी तर दाखवा. मी म्हणतो, आधी गाणारा आणा, त्याला माझ्यासमोर बसवा, मग पेटीचं बघू. आबाजी फार चिकित्सक झालाय असं माझ्यामागे बोलतात. चिकित्सक कसला डोंबलाचा! मी पहिली पेटी घेतली तेव्हा दुकानदाराने मला हेच विचारलं होतं आणि गाणाऱ्याच्या गळ्याबद्दल मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो होतो.

ही गोष्ट सन चोवीसची. आम्ही कडावचे. घरची भातशेती, ती माझा थोरला भाऊ भिवाजी बघायचा. मी कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होतो. माल भरला की त्यावर लाखेची मोहोर लावायची, एवढंच माझं काम. पण अंगात खाकी कोट असल्यामुळे मी स्वतःला साहेबाच्या खालोखाल समजत असे.

दादा गावच्या भजनात गायचा. त्याचा आवाज खालचा, रुंद आणि जरासा घोगरा होता. तो घाई करत नसे. एक ओळ घेतली की तिच्यात तो आरामात बसे आणि ऐकणाऱ्यालाही बसवून घेई. दिवसभर चिखलात राबून आलेली माणसं त्याच्या पहिल्या सुराला पाठ सैल सोडत. मृदंगवाले नागूकाका म्हणायचे, "भिवाजी गायला लागला का माजं गुडघं दुखायचं थांबतंय." हे ते थट्टेने म्हणायचे, पण खोटं नव्हतं.

साथीला टाळ, मृदंग आणि दादाच्या हातातली एकतारी. ही एकतारी लावायची आमच्या घरची एक रीत होती. घरातल्या मुलाचा आवाज फुटून बसला की बाप त्याची लोटी लावून देई. पितळेची लोटी घ्यायची, मुलाला त्याच्या सोयीने मोकळं गायला सांगायचं आणि लोटीत थोडं थोडं पाणी ओतत काडीने वाजवत राहायचं. पाणी वाढलं की लोटीचा आवाज उतरतो, कमी केलं की चढतो. मुलाच्या गळ्याशी आवाज जुळला की पाणी जिथवर आलं असेल तिथे आतून लाखेचा ठिपका द्यायचा. मग जन्मभर ती त्याची लोटी. ठिपक्यापर्यंत पाणी घालून वाजवायची आणि त्यावर एकतारीची तार लावायची. दादाची लोटी बाबांनी तो अठरा वर्षांचा असताना लावली. माझा आवाज बसायच्या आतच बाबा गेले. त्यामुळे माझी लोटी कधी लागलीच नाही.

याचं मला वाईट वाटत असे. दादाला सांगितलं असतं तर त्याने आनंदाने लावून दिली असती, पण मी कधी सांगितलं नाही. आपणहून त्याच्या का लक्षात येत नाही, म्हणून मनातल्या मनात कुढत राहिलो. माझा आवाज बारीक, उंच होता. दादाच्या मागे ओढताना तो कुणाला ऐकूही येत नसे.

त्या वर्षी खालापूरच्या मंडळाने पेटी आणली. मार्गशीर्षातल्या सप्ताहाला ते आमच्याकडे यायचे होते. झालं, आमच्या गावाला पेटीशिवाय घास जाईना. वर्गणी निघाली. पेटी वाजवणार मी, हे आधीच ठरल्यासारखं होतं, कारण स्टेशनवरच्या तारबाबूकडे पेटी होती आणि दोन वर्षं मी त्याच्यापाशी बसून शिकलो होतो. पण शिकलो ते एकाच पट्टीत. तारबाबू स्वतः चढ्या गळ्याचा, पांढरी तीनवर सा धरून गायचा, म्हणून माझी बोटंही तिथूनच चालायची. दुसऱ्या पट्टीवर हात ठेवला की बोटं अडखळत. पण ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितली नव्हती.

पेटी आणायला मुंबईला दादाने यायचं ठरलं होतं, पण कापणी तोंडावर आली. निघताना त्याने धोतराच्या फडक्यात बांधलेली त्याची लोटी माझ्या हातात दिली.

"आबा, मला त्यातलं काय कळत नाय," तो म्हणाला. "तू ठिपक्यापतुर पाणी घाल नि वाजव. जी पेटी हिच्यासंगं बोलंल ती घे. दिसायला कशी का आसंना."

"आणि लोटीच चुकली तर?" मी उगाच म्हटलं.

तो हसला. "मानूस चुकंल रं. बाबांनी लावलेली लोटी कशी चुकंल?"

मुंबईचा दुकानदार म्हातारा आणि तोंडाने फटकळ होता. मी लोटी काढली तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं, पण त्याने स्वतः तांब्यातून पाणी आणून दिलं. मी ठिपक्यापर्यंत भरून काडी मारली. त्याने डोळे मिटून ऐकलं, एका पेटीचा भाता हलवला आणि काळी एक दाबली. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले.

"खालचा गळा आहे. कुणाचा?"

"भावाचा."

"मग भावालाच आणायचं होतं," तो म्हणाला आणि आतून एक पेटी घेऊन आला.

दिसायला ती अगदी साधी होती. ना नक्षी, ना चकाकी. बाजूच्या फळीचा एका ठिकाणी टवका उडालेला. पण खालचे सूर दाबले तेव्हा माझ्या मांडीखालची सतरंजी थरथरली. दुकानदार म्हणाला, "ही खालच्या गळ्यासाठीच आहे. गाणाऱ्याच्या वर चढत नाही, खालून आधार देते. वाजवणार कोण?"

"मी."

"काळी एकवरून वाजवता येतं?"

मी वाजवून दाखवलं आणि दुसऱ्याच ओळीला बोटं अडकली. तो म्हणाला, "रोज अर्धा तास बसा. महिन्याभरात हात बसेल. त्यात काही मोठंसं नाही."

त्यात खरंच काही मोठंसं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सप्ताहाला महिना उरला नव्हता आणि दुकानाच्या पुढच्या फळीवर दुसरी एक पेटी होती. काळीभोर, चकचकीत, पुढच्या जाळीवर वेलबुट्टी, आत जर्मन बनावटीच्या सुरपट्ट्या. मी तिच्यासमोर बसलो आणि पांढरी तीनवरून माझी ठरलेली चाल वाजवली. बोटं आपोआप चालली. आवाज असा ठणठणीत की रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघायला लागली. मी हळूच गळा लावला. माझा तो बारीक आवाज तिच्यावर असा चपखल बसला की मलाच खरं वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा मी मला ऐकू आलो.

"ती तुमच्या गळ्याची आहे," दुकानदार म्हणाला. "भावाच्या नाही. तिचे खालचे सूर पातळ आहेत. तो खाली उतरला की ती त्याला सोडून देईल."

मी लोटी उचलली आणि दोन-तीन घोट पाणी प्यायलो. काडी मारली. आणखी प्यायलो. लोटी अर्ध्यावर आली तेव्हा तिचा आवाज पांढरी तीनला जाऊन मिळाला.

"मघाशी पाणी जास्त झालं होतं," मी म्हटलं. "ही त्याची खरी पट्टी."

त्या म्हाताऱ्याने लोटीतल्या उरलेल्या पाण्याकडे एकदा बघितलं. मग त्याने चकचकीत पेटी बांधायला घेतली. त्याने मला अडवायला हवं होतं असं मी पुढे कितीदा मनात म्हटलं. पण पाणी त्याने प्यायलं नव्हतं.

कर्जतला उतरलो तो दुपारची वेळ. मालधक्क्यावर जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. चाकूने मी लोटीतला बाबांचा ठिपका खरवडून काढला. मोहोर लावायची लाख वितळवली आणि अर्ध्यावर नवा ठिपका दिला. त्याच्यावर थोडी राख चोळली, म्हणजे जुना दिसेल. मी स्वतःला सांगत होतो, तीन पट्ट्यांचा तर फरक! दादाचा गळा दांडगा आहे, आठवड्याभरात वर चढेल. गावाला भारी पेटी मिळेल, मला वाजवता येईल, कुणाचंच काही बिघडणार नाही. ती पेटी डोक्यावर घेऊन मी कडावपर्यंत चाललो आणि वाटेत भेटेल त्याला तिची जाळी दाखवली.

तिन्हीसांजेला मंडळी देवळात जमली. दादाने ठिपक्यापर्यंत पाणी घातलं. काडी मारली आणि तो जरा थबकला. मी लगेच पांढरी तीन दाबली. लोटी आणि पेटी एका आवाजात बोलल्या. नागूकाका "वा!" म्हणाले. दादाने एकतारीची तार ओढून तिथवर आणली आणि गायला तोंड उघडलं.

पहिली ओळ त्याने कशीबशी घेतली. दुसऱ्या ओळीला आवाज वर जाताना चिरकला. तो थांबला, खाकरला, तांब्यातलं पाणी प्यायला, परत लागला. परत तसंच. त्याने पुन्हा लोटी वाजवून बघितली. मग आपल्या गळ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "लोटी तीच, पानी तेवडंच. मंग उतरलं काय?"

नागूकाकांनी मृदंग मांडीवरून खाली ठेवला.

"माजा गळा उतरला," तो म्हणाला.

सांगायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं. मी भात्यावरचा हात काढलासुद्धा होता. पण समोर वीस-पंचवीस माणसं बसलेली, पेटीवर हळदकुंकू वाहिलेलं. मी म्हटलं, "कापणीची धूळ गेली असेल घशात. दोन दिवसांत होईल बरा." आणि भात्यावर हात ठेवला.

दोन दिवसांत बरा कसा होणार? जे बिघडलंच नव्हतं ते बरं व्हायचं कसं? सप्ताहात खालापूरची मंडळी समोर बसली असताना दादा उभा राहिला आणि दुसऱ्या अभंगाला त्याचा आवाज फाटला. पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही, उलट त्यांनी माना खाली घातल्या. ते जास्त वाईट होतं. दादाने एकतारी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, तू घे. मी घेतलं. माझी पट्टी, माझी पेटी. मी असा गायलो की खालापूरच्या म्हाताऱ्या बुवांनी उठून मला आपल्या गळ्यातला हार घातला. दादा सगळ्यांत मोठ्याने "वा आबा!" म्हणाला.

त्या दिवसापासून कडावच्या भजनात मी गायला लागलो. दादा टाळ घेऊन पहिल्या रांगेत बसू लागला. मी नंतर काळी एकही शिकलो, सगळ्या पट्ट्या शिकलो. एकदा म्हटलंसुद्धा, "दादा, खालच्या पट्टीत वाजवतो, तू म्हण." तो म्हणाला, "लोटी सांगती ती पट्टी रं. तिच्या खाली उतरून गायचं म्हंजी सोताला फसवायचं." त्याला फसवणारा मी होतो आणि तो स्वतःला फसवायला तयार नव्हता.

लोक मला बोलावू लागले. नेरळ, कोंडाणे, पार खोपोलीपर्यंत. मान मिळाला की माणूस गप्प राहायला फार लवकर शिकतो. दर एकादशीला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग? तीन वर्षं गेली, पाच गेली. जितकी वर्षं जात होती तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि ती वर्षं मीच घालवत होतो.

अकराव्या वर्षी पौषात एकदा मी दादाकडे जेवायला बसलो होतो. तोवर मी कर्जतला बिऱ्हाड केलं होतं. जयवंतावहिनीने मला आमसुलाचं सार वाढलं. दादाच्या ताटात सार नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, दादाला विसरलात."

"इसरंन कशी?" वहिनी म्हणाली. "आंबट सोडलंय न्हवं त्यांनी."

दादा म्हणाला, "गप गं, वाढ त्याला."

पण वहिनी आता थांबायला तयार नव्हती. "आकरा वर्सं झाली, भावजी. ताक नाय, चिच नाय, कैरी नाय, का आमसूल नाय. रोज सकाळी उठून ज्येष्ठमध चघळत्यात. कुनी सांगितलं, तोंडली खाऊ नको, सोडली. कुनी सांगितलं, वाफ घे, वाफ घेत्यात. एकादशी आली का शेतावर जाऊन लोटी वाजवून बगत्यात, गळा चडला का. येताना त्वांड बगवत नाय."

दादाला सगळ्यात काय आवडत असेल तर ताक. लहानपणी माझ्या वाटीतलंही तो पिऊन टाकायचा. मला वाटत होतं की त्याने गाणं सोडलं आणि शांत झाला. तो शांत झालाच नव्हता. अकरा वर्षं तो वाट बघत होता. माझ्या हातातला घास ताटात परत गेला. मी उठलो तसा दादाही उठला.

दुपारी तो वालाच्या शेतात गेला. मी मागोमाग गेलो. शेंगा भरल्या होत्या, तो बांधावर बसून पोपट हाकलत होता, टाळ्या वाजवून. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दुकान, दोन पेट्या, प्यालेलं पाणी, चाकू, लाख, राख, सगळं. माझी बोटं एकाच पट्टीत चालत होती तेही सांगितलं. मला गायचं होतं, हेही. बोलताना मी रडत होतो.

एक पोपट येऊन शेंगेवर बसला तरी दादाने टाळी वाजवली नाही.

"दादा, तुझा गळा गेला नव्हता," मी म्हटलं. "तीन पट्ट्या वर होती ती. तू आत्ता म्हण. लोटी नको, पेटी नको. तुला येतो तिथून म्हण. मी सूर देतो." आणि काळी एकचा सूर मी त्याला गुणगुणून दिला. इतकी वर्षं पेट्यांशी घालवल्यावर तेवढं मला जमत होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटून सूर लावला. जागा बरोबर होती. अगदी त्याचीच. पण आवाज आलाच नाही, नुसता वारा आला. त्याने परत लावला. या वेळी सूर आला, थरथरला आणि तुटला. अकरा वर्षं त्या गळ्यातून त्याच्या पट्टीतली एक ओळ बाहेर पडली नव्हती, आणि दादा आता पन्नाशीला आला होता. तिसऱ्यांदा त्याने इतका जोर लावला की मानेच्या शिरा वर आल्या. खोकला लागला. मी त्याची पाठ चोळली.

खोकला थांबल्यावर तो हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली होती, पण त्यात राग नव्हता.

"बगितलंस?" तो म्हणाला. "खाली बी नाय नि वर बी नाय. गळाच गेला व्हता, आबा."

"नव्हता गेला. मी खरं सांगतोय, दादा. मी ठिपका खरवडला."

"जयवंतानं मगाशी काय काय सांगितलं, ते तुज्या जिवाला लागलं. मला ठावं हाय. मला बरं वाटावं म्हून सोताच्या माथी घेतोस." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर आसं वंगाळ सोताबद्दल बोलू नये रं. बाबांच्या ठिपक्याला माजा भाऊ हात लावंल व्हय?"

मी बाबांची शपथ घेतली. त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, उगाच शपथा घेऊ नकोस. मी त्याचे पाय धरले. त्याने उठवलं. मी जितकं सांगत गेलो तितकी त्याला माझी माया जास्त दिसत गेली. शेवटी तो उठला आणि वालावर बसलेल्या पोपटांकडे टाळ्या वाजवत निघून गेला.

त्याने मला मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तरी मी सुटलो असतो. माफ केलं असतं तर मग काय विचारता. पण माफ करायला आधी खरं मानावं लागतं, आणि ते तो मानेना. मी असं करीन हे त्याला खरं वाटतच नव्हतं.

पुढच्या एकादशीला मी कडावला गेलो. गाणार नाही म्हणून ठरवूनच गेलो होतो. दादाने स्वतः पेटी काढून माझ्यासमोर ठेवली, जाळीवरची धूळ पंचाने पुसली आणि सगळ्यांना म्हणाला, "बसा रं, आबा गातोय." मी गायलो. तो पहिल्या रांगेत बसून टाळ वाजवत होता आणि प्रत्येक ओळीला मान डोलवत होता.